फ्रँकफर्टला पंचाहत्तर मिनिटं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आमच्या तालुक्याच्या स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकांचं नाव सांगतो. नाव म्हणजे हुद्दाच. अख्खा तालुका त्यांना कंट्रोलर म्हणायचा आणि मी काका म्हणायचो. आईवडील यात धरत नाही, त्यांचं वेगळं. पण आमच्या घरात पहिला पदवीधर झाला तो काकांमुळे, आणि त्याचं कारण ऐकायला फार लहान वाटेल. त्यांनी रोज पाच मिनिटं गाडी थांबवली.

मी अकरावीला होतो. गणिताचा क्लास संध्याकाळी सहा दहाला सुटायचा आणि आमच्या गावाची शेवटची गाडी सहा दहालाच निघायची. पहिले तीन दिवस मी गाडीमागं पळालो आणि नंतर चौदा किलोमीटर मिळेल त्या टेम्पोनं गेलो. चौथ्या दिवशी फलाटावर गाडी उभी होती आणि काका घड्याळाकडं बघत तिच्या दाराशी उभे होते. त्यानंतर दोन वर्षं ती गाडी सहा पंधराला सुटली. रजिस्टरमध्ये काका रोज शेरा मारायचे, "कनेक्शनचा प्रवासी". एकदा ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "साहेब, हा काय मुंबईच्या गाडीनं येतो का?" काका म्हणाले, "गणिताच्या क्लासवरनं येतो. तेही लांबच आहे."

काकांचा नियम सरळ होता. जो येतोय त्याच्यासाठी गाडी थांबेल. पण सीटवर रुमाल टाकून चहाला गेलेला आणि मग गावातच राहिलेला माणूस त्यांच्या दृष्टीनं चोरापेक्षा वाईट. "येणार नसेल तर तसं सांगावं," ते म्हणायचे. "पन्नास माणसं त्याच्या रुमालाकडं बघत बसतात."

पुढं मी इंजिनियर झालो, आणि आता गेली चार वर्षं जर्मनीत येनाला भिंगांवर डॉक्टरेटचं काम करतो. काका निवृत्त झाले. त्यांची एकुलती मुलगी नॉर्वेत बर्गनला समुद्राच्या पाण्याचा अभ्यास करते. ती मला दादा म्हणते. तिथल्या एका शाळेत सुतारकाम शिकवणाऱ्या मुलाशी तिनं लग्न ठरवलं, तेव्हा काकांनी दीड वर्ष त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. काकू जेवायला वाढताना रोज विषय काढायच्या आणि काका रोज आणखी भात मागायचे. मग एक दिवस त्यांनी मुलीला दोनच शब्दांचा मेसेज पाठवला: "तारीख कळव."

तारीख होती शुक्रवार, सकाळी दहा, तिथल्या नगरपालिकेत. एवढी एकच वेळ मिळाली होती. मुलगी मला फोनवर म्हणाली, "दादा, तिकिटाचं तूच बघ. तुझ्यावर सोडलं तर बाबा काही शंका काढणार नाहीत."

मी तिकीट काढलं. गुरुवारी मुंबईहून फ्रँकफर्ट, दुपारी सव्वादोनला पोच. तिथून साडेतीनला बर्गनचं विमान, आणि त्या दिवशी तिकडं जाणारं ते शेवटचं. मधे पंचाहत्तर मिनिटं.

आमच्या जर्मनीतल्या मराठी मंडळींत या बाबतीत माझा थोडा लौकिक आहे, हे इथं सांगायला हवं. कुणाचे आईवडील पहिल्यांदा येणार असले की मला फोन येतो. र्युसेल्सहाइमहून येतो, बाड हॉम्बुर्गहून येतो. फ्रँकफर्टच्या विमानतळाला लागून राहणारी माणसं येनाहून सल्ला मागवतात. मीही मनापासून सांगतो. पुढची सीट घ्या. विमान उतरायच्या आधीच बाथरूमला जाऊन या. बूट नाड्यांचे नकोत. गेटचा आकडा नंतर बघा, आधी अक्षर बघा, कारण अक्षर चुकलं तर आकड्याला अर्थ नाही. आणि पाटीवर "गेटपर्यंत पंधरा मिनिटं" असं लिहिलेलं असतं ती जर्मन पायांची पंधरा मिनिटं असतात, त्यात आपल्या आईची दहा मिळवा. मी स्वतः एकदा पन्नास मिनिटांत पासपोर्ट, तपासणी, बोगदा असं सगळं पार करून गेट गाठलं होतं. ते मी बऱ्याच जणांना बऱ्याचदा सांगितलेलं आहे.

काका-काकूंची मी व्हिडिओवर तालीम घेतली. काकूंच्या गुडघ्यांसाठी व्हीलचेअर मागवू का, म्हणून विचारलं. काकू म्हणाल्या, "लग्नाला चाललेय मी, दवाखान्यात नाही."

काकांनी ओळीच्या कागदावर तक्ता केला होता. दोन पंधरा आगमन. दोन पस्तीस पासपोर्ट. दोन पंचावन्न तपासणी. तीन दहा फलाट. तक्ता कॅमेऱ्यासमोर धरून त्यांनी विचारलं, "आणि पहिली गाडी लेट झाली तर?"

"तर थोडं भरभर चालायचं, काका."

"ते झालं प्रवाशाचं. मी विचारतोय, तिथला कंट्रोलर कोण?"

"तिथं तसा कुणी नसतो. कंप्युटर असतो."

"कंप्युटर कुणीतरी चालवत असेल ना? त्याला आधी कळवून ठेवायचं. मुंबईच्या गाडीतून बर्गनचे दोन प्रवासी आहेत, दहा मिनिटं बघा म्हणावं. साधी गोष्ट आहे."

विमान थांबत नाही, हे वाक्य मला त्या माणसापुढं उच्चारता येईना. मी म्हणालो, "कळवतो."

आणि शब्द दिला म्हणून मी खरोखर कळवलं. विमानतळाच्या वेबसाइटवर एक अर्ज होता. हरवलेल्या छत्र्या, पार्किंगच्या तक्रारी, सूचना, सगळ्याला तोच. मी जर्मनमध्ये सविस्तर लिहिलं, शेवटी आदरपूर्वक नमस्कारही घातला. एका मिनिटात उत्तर आलं: आपल्या विनंतीबद्दल आभार, तिची नोंद पुढील क्रमांकानं झाली आहे. क्रमांक अकरा आकडी होता.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. "कळवलंस?"

"हो. म्हणजे, त्यांनी नंबर दिलाय."

"नंबर पडला?" त्यांचा आवाजच बदलला. "झालं मग! मला तो मोठ्या अक्षरात पाठव."

छत्तीस वर्षं सरकारी कामात घालवलेल्या माणसाला नोंदीचा क्रमांक म्हणजे काय वाटतो, हे मला ठाऊक होतं. तिथंच मी खरं सांगायला हवं होतं. पण काका पुढं बोलत होते. "नाहीतर मी हिला सांगून ठेवलं होतं, पुढची गाडी चुकली तर फ्रँकफर्टहूनच परत फिरायचं. समजायचं, जायचं नव्हतंच. आता तो प्रश्न मिटला."

त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की मी पंचाहत्तर मिनिटांचं तिकीट काढून काय करून ठेवलंय. विमान चुकलं तर मुलीच्या लग्नात तिचे आईवडील नसतील, आणि 'जायचं नव्हतंच' हे काका कायमचं खरं मानतील.

म्हणून मी ठरवलं की आत जाऊन त्यांना हाताला धरून गेटवर पोचवायचं. पण तिकीट असल्याशिवाय आत सोडत नाहीत. मग मी त्या दिवशीचं मिळेल ते सर्वांत स्वस्त तिकीट काढलं. ते न्युर्नबर्गचं निघालं. विमान सव्वातीनचं.

प्रयोगशाळेतल्या माझ्या जर्मन सहकाऱ्यानं विचारलं, "न्युर्नबर्गला काय आहे?"

"काही नाही. मी जाणार नाहीये."

"पण तिकीट काढलंस."

"आत जाण्यासाठी."

"आत म्हणजे?"

"विमानतळात. आमच्याकडे ओळखीचं माणूस आपल्या स्टँडवरून जात असेल तर गाडीपाशी जाऊन भेटायची पद्धत आहे."

"आल्झो," तो म्हणाला, म्हणजे "अस्सं," आणि पुन्हा भिंग पुसायला लागला.

गुरुवारी मी पाच तास हाताशी ठेवून निघालो. आगगाडी वाटेत एका शेताच्या कडेला चाळीस मिनिटं उभी राहिली, तरीही मी दीडला आत होतो. मुंबईहून आलेली माणसं पासपोर्ट आणि दुसरी तपासणी संपवून ज्या दारातून ए विभागात बाहेर पडतात, त्या दारासमोरचा खांब पकडून उभा राहिलो. हातात डबा होता, त्यात मेथीचे पराठे. माझं न्युर्नबर्गचं गेट ए बावीस, जवळच. त्यांचं बर्गनचं ए अडतीस, माझ्या पायांनी बारा मिनिटं.

मुंबईचं विमान अडीचला उतरलं. पंधरा मिनिटं तिथंच गेली. पावणेतीनला त्या विमानातली पहिली माणसं बाहेर आली. धावणारे आयटीवाले, मग बाळांच्या गाड्या, मग एक आजोबा, व्हीलचेअरवर, अगदी राजासारखे. काका-काकू नाहीत. काकांचा फोन बंद. बॅटरी जपतात ते. बर्गनचं गेट सव्वातीनला बंद होणार होतं. दोन पन्नास. दोन पंचावन्न.

दोन अठ्ठावन्नला काका दारातून बाहेर आले. सफारी, हातात रेक्झिनची बॅग, आणि कपाळाला मुंडावळ्या.

मण्यांच्या, जरीच्या, लग्नातल्या मुंडावळ्या. दोन्ही कानांवरून दोन सर लोंबत होते आणि काका संथ पावलं टाकत, छताकडं बघत, येत होते. मागून काकू.

"अरे, केवढा वाळलास!" काकू म्हणाल्या.

मी वाकून नमस्कार केला. "काकू, चला, चालता चालता बोलू. काका, तुमच्या डोक्याला..."

"ते असू दे," काका म्हणाले.

"अरे, त्या तपासणीच्या बाईला कळेना हे काय आहे," काकू सांगायला लागल्या. "दोनदा मशीनमधून काढलं. आमच्या जावयासाठी घेतल्यात म्हणून सांगत होते, पण मला कुठलं एवढं इंग्लिश? म्हटलं बांधूनच दाखवते. यांना बांधल्या. तर तिनं आणखी दोघींना बोलावलं बघायला. फार चांगल्या बायका!"

"पण मग सोडायच्या ना."

"निरगाठ बसलीय. कात्री होती माझ्याकडं, ती मुंबईतच काढून घेतली त्यांनी."

मी डबा काकूंच्या हातात दिला, बॅग घेतली आणि जवळजवळ पळायला लागलो. वीस पावलांवर मागं वळून पाहिलं तर दोघं नाहीत. काका सुटणाऱ्या विमानांच्या मोठ्या फलकासमोर उभे होते, देवळात उभं राहावं तसे.

"केवढा स्टँड आहे रे," ते म्हणाले. "आणि एकही माणूस ओरडत नाही. पण हे बघ, या गाडीपुढं उशीर लिहिलाय, कारण लिहिलेलं नाही. शेरा पाहिजे."

"काका, आपल्याला सतरा मिनिटं आहेत!"

"घाई कशाला करतोस? नंबर आहे ना." त्यांनी सफारीच्या खिशावर थाप मारली. खिशात चिठ्ठी होती, मोठ्या अक्षरात.

काकू म्हणाल्या, "विमानात पण शेजारच्याला दाखवत होते. तो बिचारा घामाघूम, त्याला पॅरिसला जायचं होतं. हे त्याला म्हणाले, तुम्ही आधी कळवायला हवं होतं."

मी तोंड उघडलं. काका, तो नंबर काही कामाचा नाही, एवढंच वाक्य होतं. तेवढ्यात वरून स्पीकरवर माझं नाव आलं. आधी जर्मनमध्ये, मग इंग्रजीत. न्युर्नबर्गला जाणाऱ्या या प्रवाशानं ताबडतोब ए बावीसला यावं, ही शेवटची सूचना आहे.

काका जागीच थांबले. "तुझं नाव घेतायत."

"घेऊ देत. चला."

"कशासाठी घेतायत?"

मी चालत चालत भराभर सांगितलं. आत यायला तिकीट लागतं, म्हणून काढलं, जायचं नाहीये. सांगताना मला ते अगदी शहाणपणाचं वाटत होतं. काका चालत नव्हते.

"म्हणजे तुझी गाडी उभी आहे," ते म्हणाले.

"ती जाईल दोन मिनिटांत."

"माणसं बसलीत त्यात?"

"असतील."

"आणि तू इथं माझ्याशी बोलत उभा आहेस. रुमाल टाकून!"

काकांना मी इतक्या वर्षांत रागावलेलं पाहिलं नव्हतं. मुंडावळ्यांचे सर थरथरायला लागले. माझं नाव पुन्हा स्पीकरवर आलं. शेजारून जाणारी दोन मुलं काकांकडं टक लावून बघत होती.

"काका, तुमचं विमान जाईल हो! उद्या दहाला लग्न आहे!"

"आमच्या गाडीला कळवलेलं आहे. तुझ्या गाडीला काय कळवलंयस?"

याला उत्तर तेच एक वाक्य होतं, पण ते आता पहिल्यापेक्षा मोठं झालं होतं. काकांनी माझ्या हातातली बॅग घेतली आणि ए बावीसची पाटी बघून तिकडं वळले. त्यांच्या गेटच्या वाटेवरच होतं ते, एवढंच बरं. आत्ता मात्र ते झपाझप चालत होते.

गेटवर एक तरुण बाई एकटीच उभी होती, फोन कानाला लावून. काका तिच्यासमोर उभे राहिले, एक हात माझ्या दंडाला, आणि नोकरीतल्या इंग्रजीत म्हणाले, "पॅसेंजर प्रेझेंट. काइंडली स्टार्ट."

तिनं काकांच्या कपाळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी जर्मनमध्ये हळूच म्हणालो की मला खरं तर जायचं नाहीये.

"मग आपण इथं का आलात?" तिनं विचारलं. प्रश्न रास्त होता.

"काय म्हणते?" काका.

"विचारते, येणार का नाही."

"मग सांग की!"

काकू इतका वेळ डब्याचं झाकण उघडून आत काय आहे ते बघत होत्या. त्यांनी झाकण लावलं आणि मला म्हणाल्या, "तू जा बाबा. तू बसल्याशिवाय हे इथून हलायचे नाहीत. चाळीस वर्षं ओळखते मी यांना."

"अहो काकू, पण तुमचं गेट..."

"आकडे वाचता येतात मला. ए अडतीस ना? नाकासमोर?"

"गेनाऊ, म्हणजे बरोबर," मी म्हणालो. घाबरलो की माझ्या तोंडून जर्मन बाहेर येतं.

मी तिकीट दाखवलं. यंत्र हिरवं झालं. "काका, तो नंबर—" मी शेवटचा प्रयत्न केला.

"आहे, आहे, जपून ठेवलाय," ते म्हणाले, आणि गाडीच्या पत्र्यावर मारावी तशी त्या बाईच्या टेबलावर दोनदा थाप मारली. बाई दचकली. मी आत गेलो. तीन वाजून सात मिनिटं झाली होती.

विमानात सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी माझ्या सीटवर बसलो, दार लागलं, आणि ज्या गावात मला काहीही काम नव्हतं त्या गावाला मी निघालो. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "न्युर्नबर्गला कामासाठी?"

"नाही."

"घरचे असतात?"

"नाही."

"मग?"

"बसवलं," मी म्हणालो. त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

प्रवास चाळीस मिनिटांचा. पाणी आलं, एक चॉकलेट आलं, ते सोडेपर्यंत विमान खाली उतरायला लागलं. त्या चाळीस मिनिटांत मी काका-काकूंना ए अडतीसच्या बंद दारासमोर उभं असलेलं पाहिलं, परत मुंबईला निघालेलं पाहिलं, आणि बर्गनच्या नगरपालिकेत मुलीला एकटीला सही करताना पाहिलं. काकांच्या डोक्याला मुंडावळ्या सगळीकडं तशाच होत्या.

न्युर्नबर्गला उतरताच मी मुलीला फोन लावला.

"दादा, बसले दोघं!" ती म्हणाली. "आत्ताच आईचा फोन येऊन गेला. पण तू कुठं आहेस? आई म्हणते, बाबांनी तुला कुठंतरी पाठवून दिलं."

तिच्याकडून सगळं कळलं. ते गेटवर पोचले तेव्हा तीन बावीस झाले होते आणि सगळे प्रवासी आत बसले होते. पण एक माणूस बॅग विमानात टाकून स्वतः आलाच नव्हता. त्यामुळं विमानाच्या पोटातून त्याची बॅग शोधून काढणं चाललं होतं, आणि तोवर दार उघडं होतं. काकांनी गेटवरच्या मुलीला चिठ्ठी दिली. तिनं अकराच्या अकरा आकडे कंप्युटरवर टाकले, काही सापडलं नाही, मग तिचं लक्ष मुंडावळ्यांकडं गेलं. "वेडिंग?" तिनं विचारलं. "येस, टुमारो," काकू म्हणाल्या. तिनं काकांचं अभिनंदन केलं, काकूंचंही केलं, आणि दोघांना आत सोडलं.

मी न्युर्नबर्गच्या विमानतळावर एका बाकावर बसून थोडा रडलो. मग येनाची गाडी शोधली. गंमत म्हणजे न्युर्नबर्गहून येना तसं सोयीचं पडतं.

लग्न मी फोनवर पाहिलं. मुंडावळ्यांची गाठ सुतारकाम शिकवणाऱ्या नवऱ्या मुलानंच सोडवली होती आणि आता त्या त्याच्या कपाळाला होत्या. काका पहिल्या रांगेत ताठ बसले होते. सही करायच्या आधी मुलीनं मागं वळून त्यांच्याकडं पाहिलं आणि काकांनी घड्याळाकडं पाहून मान हलवली.

इथं सगळं संपायला हवं होतं. पण दुपारच्या जेवणाला काका उभे राहिले आणि मराठीत बोलले. त्यांनी सांगितलं की येनाच्या या मुलाच्या एका शब्दावर फ्रँकफर्टनं विमान थांबवलं. मुलीनं भाषांतर केलं. नॉर्वेतल्या चाळीस माणसांनी माझ्या नावानं पेले उंचावले. काकांनी नंतर मला फोनवर सांगितलं, "तुझ्या शब्दाला तिथं वजन आहे. मला वाटलंच होतं." मी म्हणालो, "काका, तसं नाहीये." ते म्हणाले, "मोठेपणा न घेण्याचा तुझा स्वभावच आहे."

आठवड्यानं मला आमच्या तालुक्याहून फोन आला. काकांच्याच खात्यातले एक निवृत्त साहेब, पुढच्या महिन्यात बायकोसह फ्रँकफर्टवरून डेन्मार्कला मुलाकडं निघालेले. मधे साठ मिनिटं. "ते तुम्ही एक नंबर टाकून देता ना," ते म्हणाले, "तेवढा आमचाही टाका. म्हणजे आम्हाला निवांत येता येईल."

त्याच दिवशी मी कागद घेतला आणि बर्गनच्या पत्त्यावर लिहिलं. काका-काकू तिथं दीड महिना राहणार होते. पत्र असं होतं:

"काका आणि काकू,

नमस्कार. हे विमानतळावर दोनदा आणि फोनवर एकदा सांगायला गेलो आणि तिन्ही वेळा जमलं नाही, म्हणून कागदावर.

काका, तो नंबर खोटा नाही, पण त्याला काही अर्थही नाही. छत्री हरवली म्हणून लिहिणाऱ्यालाही तसाच नंबर मिळतो. माझा अर्ज कुणी वाचला असेल असं मला वाटत नाही. बर्गनचं विमान उभं होतं ते एका न आलेल्या माणसाची बॅग उतरवायची होती म्हणून. हे तुम्हाला आवडणार नाही, पण खरं ते हेच आहे.

दुसरं. त्या दिवशी सकाळीच फ्रँकफर्टला पोचणारं, पाच तास थांब्याचं तिकीटही मिळत होतं. मी पंचाहत्तर मिनिटांचं घेतलं, कारण मी स्वतः एकदा पन्नास मिनिटांत पार झालो होतो आणि मला वाटलं, आपण हे किती सफाईनं जमवतो ते तुम्हाला दिसावं. यापलीकडं दुसरं कारण नव्हतं. चुकलं असतं तर तुम्ही परत फिरला असता, आणि ते माझ्या हौसेपायी झालं असतं. नंबर पडला म्हणून तुम्ही निश्चिंत झालात, तेव्हाही मी गप्प राहिलो. तुम्ही माझ्यावर विश्वास टाकलात तो मला मोडवेना.

तुमच्या खात्यातल्या साहेबांना मी खरं सांगितलं आणि तिकीट बदलून घ्या म्हणालो. ते नाराज झाले. म्हणाले, कंट्रोलरसाठी केलंत, आमच्यासाठी नाही. माझं ते ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील. तेवढा एक फोन त्यांना करा. साठ मिनिटं त्यांना पुरणार नाहीत.

तुमच्या परतीच्या तिकिटाची वेळ मी मुलीशी बोलून बदलून घेतली आहे. आता फ्रँकफर्टला चार तास वीस मिनिटं आहेत. काकूंना बसत बसत येता येईल. तुम्ही सरळ बाहेर या, खाली आगगाडीच्या स्टेशनाकडं जाणाऱ्या जिन्यापाशी मी उभा असेन. या वेळी मी आत येणार नाही आणि कुठलंही तिकीट काढणार नाही.

तुम्ही रागावला असाल, ते तिथंच बोला. मी ऐकून घेईन, आणि मग आपण जेवू.

तुमचा"